पाचवी गाडी

बद्रीनाथनं पान्याचं टोक पाइपवर हाणलं. आवाज आला, टप्. लोखंड असं वाजत नाही. त्यानं पुन्हा हाणलं, या वेळी जरा रागानं, आणि मग नखानं काळा रंग खरवडला. खालून करडं प्लास्टिक निघालं.

"हे काय लावलं रं?"

गाडीचा मालक काकासाहेब दाराशी उभा होता. पाचोडचा गडी, तिशीतला, घरची मोसंबीची बाग, अंगात भाड्यानं आणलेला लालभडक रेसचा सूट. "पिंजरा हाय ना, सर," तो म्हणाला. "नियमात लिहिलं व्हतं, गाडीत पिंजरा पाहिजे म्हनून."

"पिंजरा लोखंडाचा असतो. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नाय म्हनून. ह्यो तुझ्या बागंतल्या पाइपलाइनचा पाइप हाय."

"उरला व्हता," काकासाहेब म्हणाला.

उरला होता! शेतात उरलेला पाइप रंगवून हा शहाणा दीडशेच्या वेगानं पळायला आला होता. वर त्यावर पिवळ्या अक्षरांत 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहून आणलं होतं. तो पिवळा रंग तेवढा चांगल्या प्रतीचा होता.

हल्ली अशाच गाड्या यायच्या, कारण बऱ्या गाड्या येईनाशा झाल्या होत्या. जालना रोडपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या आधी काँक्रीटचे रुंद रस्ते झाले. कारखाने काही आले नाहीत. त्या रिकाम्या रस्त्यावर नानासाहेबांनी चौदा वर्षांपूर्वी ड्रॅग रेस सुरू केली. चारशे मीटरचा सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, चौदा सेकंदांत खेळ खल्लास. पहिल्या वर्षी अडुसष्ट गाड्या आल्या. पुण्याहून आल्या, हैदराबादहून आल्या. लोक पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. पुढं चाळीस झाल्या, वीस झाल्या, गेल्या वर्षी अकरा. यंदा पाच, आणि पाचवी ही.

नानासाहेबांनी खुर्च्या मात्र हजार मांडल्या होत्या. त्यांवर साठेक माणसं होती, त्यातली निम्मी मंडपवाल्याची. बाकीची मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. समोर गाडी पेटली असती तरी त्यांनी ती आधी मोबाइलमध्येच पाहिली असती. कर्ण्यावरचा इसम "हजारोंच्या संख्येनं जमलेल्या रसिकहो" म्हणत होता. खुर्च्या धरल्या तर आकडा बरोबर होता.

दोरीपलीकडं साळूबाई शेळ्या चारत होती. चौदाच्या चौदा वर्षं न चुकता हजर राहिलेली प्रेक्षक ती एकटीच. "औंदा लईच कमी गाड्या दिसू राह्यल्या, मिस्तरी," ती म्हणाली. "मागं कसा दणका व्हता. माझ्या शेळ्या दोन-दोन दिस पान्हवायच्या नाय."

"आन् आता?"

"आता कोन हाय त्यांना भेवडायला?"

बद्रीनाथचं चिकलठाण्याला पत्र्याचं गॅरेज होतं. वर्षभर पाण्याच्या टँकरांचे क्लच आणि टेम्पोचे पाटे यांत तो कोपरापर्यंत काळा झालेला असे, आणि लोक रस्त्यावरूनच "ए मिस्तरी" म्हणून हाका मारत. या एका रविवारी तो पांढरा शर्ट घाली. गळ्यात बिल्ला, त्यावर 'तपासणी प्रमुख'. इंजिनियर झालेली पोरं त्याला सर म्हणत, आणि त्याच्या सहीशिवाय एकही गाडी सुटायच्या रेघेवर जात नसे. चौदा वर्षांत तिथं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हा रविवार संपला की तो पुढच्या रविवारासाठी वर्ष ढकलायचा. बायकोला हे ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

नानासाहेब कडक इस्त्रीत आले. प्लॉटिंगचा धंदा करणाऱ्या माणसाचं हसू त्यांच्या तोंडावर कायम असे, समोर प्लॉट असो वा नसो. "काय अडलं, बद्रीभाऊ?"

"पिंजरा प्लास्टिकचा हाय. गाडी बाद."

नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाजूला नेलं. "अरे, पाचच तर आल्यात. पाचाच्या खाली गेल्या तर रेस धरता येत नाय, वरचा नियम आहे. पैसा लावणारे टायरवाले पाहुणे येऊन बसलेत. आज झालं नाय तर ते पुन्हा दारात उभं करणार नाय आपल्याला. मग हे कायमचं बंद. समजलं?"

"समजलं."

"मग कर सही. चौदा सेकंदाचा तर मामला आहे यार. चौदा सेकंदात मरतंय का पोरगं?"

"मरायला दोन पुरत्यात, नानासाहेब."

खांद्यावरचा हात निघाला. हसूही निघालं. "तू काय मोठा इंजिनियर लागून गेलास? सर कुणी केलं तुला? मी केलं. नाय तर टँकरखालीच जन्म गेला असता तुझा."

हे बद्रीनाथला लागलं, कारण ते खरं होतं. तो कागद घेऊन गाडीपाशी परत आला. सही करायला चौदा सेकंदही लागले नसते, आणि त्याला सही करायचीच होती. अगदी मनापासून करायची होती. गाडीत काकासाहेब हेल्मेट घालून स्वतःचे फोटो काढत होता. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घ्यायचा सोडून त्यानं मानेमागं लोंबत ठेवला होता. या गाढवापायी आपला रविवार घालवायचा? बद्रीनाथला त्याची इतकी किळस आली की त्यानं पेनाचं टोपण दातानं काढलं आणि तिथंच थुंकलं.

मग त्यानं कागदावर 'बाद' लिहिलं, आणि खाली सही केली.

कर्ण्यावर "तांत्रिक कारणामुळे" अशी घोषणा झाली. कुणी हुर्यो केली नाही. हुर्यो करायलाही माणसं लागतात. एक-दोघांनी जेवण आहे का म्हणून चौकशी केली. टायरवाले पाहुणे त्यांच्या गाडीत बसून काचा वर करून गेले. उरलेल्या चार गाड्या रेघेपर्यंतसुद्धा न जाता आल्या तशा ट्रकवर चढल्या आणि मागच्या फाटकानं निघाल्या. त्यांतल्या एकानंही बद्रीनाथकडं बघितलं नाही. नानासाहेब जाताना त्याच्या गळ्यातला बिल्ला मागून घेऊन गेले. चौदा वर्षांत प्रथमच त्यांना बिल्ल्याची आठवण झाली.

काकासाहेब एका टायरवर बसला होता. सूटची चेन पोटापर्यंत उघडी. "माझ्यापायी बंद पडलं म्हन्त्यात सगळं."

"तुझ्यात कुठं एवढा दम? ते आधीच बंद पडलं व्हतं. तू निस्ता पाइप लावला."

काकासाहेब हसला नाही. "जातो मंग, सर."

"कशात?"

"हिच्यातच. पाचोडला. येताना बी हिच्यातच आलो की."

बद्रीनाथनं गाडीकडं पाहिलं. तपासताना पुढच्या डाव्या चाकाला ब्रेकची नळी घासताना त्याला दिसली होती. गाडी बादच करायची म्हणून त्यानं ती लिहिली नव्हती. "थांब," तो म्हणाला.

त्यानं पांढरा शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि बनियनवर काँक्रीटवर आडवा होऊन गाडीखाली शिरला. "एवढी रुंद चाकं कोन्या गाढवानं बसवली?"

"मीच," वरून आवाज आला.

"वाटलंच मला. चौदाचा पाना दे. चौदाचा! ह्यो सतराचा हाय. मोसंब्या तरी वळखता येत्यात का तुला?"

पाऊण तास तो खाली होता आणि पाऊण तास शिव्या देत होता. काकासाहेब गुडघ्यावर बसून एकेक पाना पुढं करत होता, शेवटी शेवटी बरोबर. मंडपवाल्याच्या माणसांनी बद्रीनाथचा शर्ट जमिनीवर टाकून खुर्ची उचलून नेली.

बद्रीनाथ बाहेर आला. सीटवर बसून त्यानं स्वतः चार वेळा ब्रेक दाबून पाहिला. प्लास्टिकचा पिंजरा उपसून त्यानं डिकीत कोंबला. "बागंत नेऊन लाव. आन् चाळीसच्या वर जाऊ नको. गेलास तर पाचोडला येऊन थोबाडीन."

"व्हय, सर."

मागच्या फाटकाला तोवर कुलूप लागलं होतं. पाचोडच्या रस्त्याला लागायला आता रेसच्या रस्त्यावरूनच वाट होती. काकासाहेबानं गाडी रेघेवर आणली. अलीकडं-पलीकडं माणूस नाही, तरी त्यानं इंडिकेटर लावला, आणि गाडी हळूच सोडली.

त्या दिवशी त्या रस्त्यावर धावलेली ती एकच गाडी. साळूबाईच्या शेळ्यांनी मानसुद्धा वर केली नाही. बद्रीनाथ बनियनवर रेघेशी उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

चारशे मीटरवर, दुसऱ्या रेघेपाशी, काकासाहेबानं ब्रेक दाबला. गाडी जराही न भरकटता सरळ थांबली.

एकोणचाळीस सेकंद.