अंगावरचं दूध आणि झुंबरबाईचं बोंडलं

मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. एक लहानशी वाटी आणि तिला एका बाजूने चिमणीच्या चोचीसारखी नळी, एवढाच माझा देह. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, माझी चोच त्याच्या ओठांशी टेकवायची आणि मला किंचित कलतं करायचं. मग माझ्यात जे असेल ते बाळाच्या पोटात जातं. आत काय ओतलं आहे आणि का ओतलं आहे, हे विचारायची मला सोय नाही. माझ्या जन्माचं सुख त्यातच आहे आणि दुःखही त्यातच.

मला नगरच्या एका कासाराने घडवलं. पाथर्डीच्या डोंगराकडचे रंगनाथबाबा बाजाराला आले होते. त्यांच्या लेकीला, झुंबरबाईला, मुलगा झाला होता. नातवाची झबली-टोपडी आणि लेकीचं लुगडं घेऊन झाल्यावर त्यांनी मला हातात धरून उलटसुलट पाहिलं, चोचीतून फुंकर मारली आणि बाळंतविड्यात ठेवलं. तेव्हापासून मी झुंबरबाईचं.

तिचा तो मुलगा म्हणजे गहिनीनाथ. त्याने माझ्यातून वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळलेली गुटी प्यायली आणि प्रत्येक वेळी तोंड वेडंवाकडं केलं. दूध मात्र तो माझ्यातून कधी प्यायला नाही. दूध आईचं आणि औषध माझं, अशी आमची कामाची वाटणी होती आणि ती मला मान्य होती. एकदाच ती मोडली. आळीतल्या आक्काबाईची सून बाळंतपणात गेली आणि तिचं तान्हं पोर उघड्यावर पडलं. तेव्हा झुंबरबाई मला घेऊन स्वतः तिकडे गेली. शेळीचं दूध उकळून, गाळून, माझ्यातून त्या पोराला पाजलं. त्याचं नाव अमृत. आज तो टेम्पो चालवतो. 'ह्या बोंडल्यानं माझा नातू जगवला,' असं आक्काबाई चारचौघांत सांगायची, तेव्हा माझी कल्हई अभिमानाने चमकायची.

मग पोरं मोठी झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! मी फळीवर पालथा पडून राहिलो. कल्हई उडाली. चोचीत कोळ्याने घर केलं.

गहिनीनाथाचं लग्न झालं, सविता घरात आली आणि पोळ्याच्या सुमारास तिला मुलगी झाली. दिशा तिचं नाव. सविताला पहिल्या दिवशी घट्ट, पिवळसर चीक आला. 'ह्यो जड असतोय, लेकराला बाधतो,' असं म्हणून झुंबरबाईने तो कापडावर पिळून टाकायला लावला आणि माझ्यातून मधाचं पाणी पाजलं. त्याच आठवड्यात दारातली गाय व्याली होती. तिच्या चिकाचा खरवस वाट्या भरभरून साऱ्या आळीत गेला. गाईचा चीक पौष्टिक आणि बाईचा तेवढा बाधतो, हे कोडं माझ्या पितळी डोक्याला काही सुटलं नाही. पण घरातल्या कुणालाच ते कोडं वाटलं नाही.

तरीही सविताला दूध भरपूर आलं. बोलता बोलता तिचा पदर ओला व्हायचा. दिशा पीत पीत झोपी जायची आणि झोपेतही तिचे ओठ हलत राहायचे. ते बघताना मला वाटायचं, माझं इथे काही काम नाही आणि ते किती बरं आहे.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी सोनईकडच्या उसाच्या फडांवर निघाली, गहिनीनाथ आणि सविताही तिच्यात होते. त्या डोंगराकडची निम्मी घरं तेव्हा कुलुपात असतात. सांभाळायला दिशा होती म्हणून झुंबरबाईही निघाली, आणि तिच्या गाठोड्यात मी.

मित्रांनो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून ट्रक भरतात. बाई बसली की कोयताच बसतो. पहिले काही दिवस झुंबरबाई दिशाला कडेवर घेऊन फडात जायची. सविता बांधावर बसून पाजायची, तोंडावर पदर ओढून. टोळीचा मुकादम छगन लांबून बघायचा. एके दिवशी तो गहिनीनाथाला म्हणाला, "सारखी बाई बसाया लागली तर गाडी कवा भरायची? डबा आन की पावडरीचा. माझा नातू शिर्डीला असतोय, डब्यावरच हाय. बघ जाऊन कसा गबदुल झालाय."

छगन काही दुष्ट नव्हता. त्याला गाडी भरायची होती, एवढंच.

गहिनीनाथाने सोनईच्या मेडिकलमधून डबा आणला. तो येऊन माझ्या शेजारी बसला, नवाकोरा, चकचकीत. त्याच्या पोटावर लिहिलं होतं की बाळासाठी आईचं दूध सगळ्यात उत्तम. स्वतःच्या विरुद्धची साक्ष स्वतःच्या अंगावर घेऊन फिरणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली. गहिनीनाथाला वाचता येत होतं. त्याने ते वाचलंही.

"डब्यावर बी तसंच लिव्हलंय," सविता म्हणाली. "माझ्या अंगावर दूध हाय की, आवं. मग ह्यो कशापायी?"

"लिव्हायचं म्हनून लिव्हत्यात," तो म्हणाला आणि कोयत्याला धार लावायला बाहेर गेला.

झुंबरबाईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "सविते, म्या तुझ्या भल्याचंच बोलते. गहिनीनाथ काखंत असताना मुकादमाची लई बोलनी खाल्ली म्या. पाजताना उठवायचा मला. लेकरू अंगावरनं ओढून काढायची पाळी यायची. तसं तुझं नगं व्हाया. दिसा डबा, सांजच्याला तू पाज की."

 सविताने दिशाला जरा जास्त वेळ अंगाशी धरलं आणि मग सासूच्या मांडीवर दिलं.

त्या दिवसापासून माझी कामाची वाटणी कायमची मोडली. फड पुढे पुढे सरकत गेला आणि उसाच्या वाळल्या पानांच्या, पाचटाच्या आमच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मागे राहिल्या. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. इथे लेकरू रडत होतं आणि आईच्या कानावर ते पडत नव्हतं. किती पाण्यात किती पावडर, हे डब्यावर छापलेलं होतं, पण झुंबरबाईला अक्षरओळख नव्हती आणि ज्याला होती तो फडात. पाहुणे वाढले की दुधात पाणी वाढवायचं, ही तिची उभ्या जन्माची रीत. डबा पुरवून वापरायचा म्हणून चमचा निम्मा आणि पाणी भांडंभर. पाणी कोपीबाहेरच्या पत्र्याच्या टिपाडातलं, चुलीवर जरा कोमट केलेलं. वर ती मला रोज राखेने घासून सोन्यासारखं लखलखीत करायची. पण माझ्या चोचीच्या आत कुणाचं बोट पोचत नाही. आत आदल्या दिवसाचं दूध आंबून बसलेलं असायचं आणि ते मला ओरडून सांगता येत नव्हतं.

फडात काय होत होतं, ते मला एका संध्याकाळी कळलं. शेजारच्या कोपीतली लंकाबाई चुलीसाठी विस्तव न्यायला आली होती. सविता तिला सांगत होती, "दुपारच्याला अंग दगडावानी हुतं, मावशी. काखंपर्यंत ठणका. मग मोळीच्या आडाला बसते आन सरीत पिळून टाकते."

तेव्हा माझ्यात निम्म्या चमच्याचं पांढरं पाणी होतं आणि झुंबरबाई ते दिशाला पाजत होती. मित्रांनो, दुधाची तहान ताकावर भागवल्याचं तुम्ही ऐकलं असेल. ही तहान तर नुसत्या पाण्यावर भागवली जात होती आणि खरं दूध उसाच्या मुळाशी जिरत होतं. मला लाज वाटली.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं. सविता फडावरून आली, हातपाय धुतले, अंगावरचं पाचट झटकलं आणि दिशाला पदराखाली घेतलं. दिशाने दोनदा ओढलं, मग तोंड बाजूला करून रडायला लागली. आईच्या अंगावर ओढायला कष्ट पडतात, माझ्या चोचीतून आपोआप गळतं. सविताने पुन्हा तिला जवळ घेतलं. दिशाने पाठीची कमान केली, मान वळवली आणि चुलीजवळ ठेवलेल्या माझ्याकडे हात केले.

कुणाचं लेकरू आपल्याकडे झेपावलं तर आनंद व्हावा. मला मात्र त्या क्षणी मातीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"सवय लागली बघ," झुंबरबाई म्हणाली. "बरंच झालं. तुला बी मोकळीक."

सविता कोपीकडे पाठ करून बसली. पुढे तिचं अंग ठणकेनासं झालं, पदर ओला होईनासा झाला. दूध आटलं. त्याची कुणी दखल घेतली नाही, कारण काम सुरळीत चाललं होतं.

संक्रांतीच्या आधी दिशाला हगवण लागली. डोळे आत गेले, टाळू खाली बसली, रडणंही बारीक झालं. गहिनीनाथामागे मोटारसायकलवर बसून सविताने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. झुंबरबाई मागून टेम्पोने आली, मला पदरात बांधून, पोरीला लागेल म्हणून. सलाईन लागलं. दिशा वाचली, हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा जीव टांगणीला लावायची माझी इच्छा नाही.

"आईचं दूध पिते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डब्याचं देतो, मॅडम. चांगल्यातलं हाय," गहिनीनाथ म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मला उचललं, कापसाची वात केली आणि चोचीतून फिरवली. वात हिरवट काळी होऊन बाहेर आली.

"म्या रोज राखेनं घासते, बाई," झुंबरबाई पुटपुटली. "लख्ख करते."

"बाहेरून, आजी."

झुंबरबाई खाली बसली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, डबा वाईट नाही, ज्या बाळाला आई नाही किंवा आईला दूध नाही त्याला तो जगवतो. आता दिशालाही तोच लागणार. पण पावडर मापात, पाणी खळखळून उकळलेलं, आणि पाजायचं वाटी-चमच्याने. शिवाय पोरीला रोज अंगाशी लावत राहायचं, कधी कधी दूध परत येतं.

 सविताने विचारलं, "म्या रोज सरीत पिळून टाकत हुते, मॅडम. ते परत यील?"

डॉक्टरीणबाईंनी दिशाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "प्रयत्न करा," त्या म्हणाल्या.

सविताने प्रयत्न केला. रोज संध्याकाळी ती दिशाला अंगाशी लावायची. दिशा कधी मान फिरवायची, कधी नुसतं तोंड लावून आईकडे बघत राहायची. वाटी-चमच्यावर पोरगी हळूहळू सुधारली, हसायला लागली. दूध मात्र आलं नाही. मी कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला टांगलेला होतो आणि हे सगळं बघत होतो. पोर वाचली म्हणून सगळे समाधानात होते. सविताचं काय गेलं, ते तिलाच ठाऊक.

हंगाम संपत आला तेव्हा लंकाबाईची सून पूजा त्याच तळावर बाळंत झाली. बारा दिवस कसेबसे उलटले आणि लंकाबाई आमच्या कोपीत आली.

"झुंबरे, तुझं बोंडलं दे. उद्याच्याला सून फडात चाललीया. छगन थांबंना."

झुंबरबाईने मला मेढीवरून काढलं. पण हात पुढे केला नाही. तिने सुनेकडे बघितलं. सविता उठली, सासूच्या हातातून मला घेतलं आणि गाठोड्यात तळाशी ठेवलं.

"मावशी, पूजाच्या अंगावर दूध हाय ना?"

"लई हाय. पर मोळ्या कोन बांधील?"

"म्या बांधते. माझ्या झाल्या की तिच्या. तिला बांधावर बसू द्या."

"आगं, तुझंच कंबरडं मोडंल."

"मोडू द्या," सविता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फड कोप्यांलगतच्या वावरातच होता. पूजा बांधावर बसून पाजत होती. छगनने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी झुंबरबाई दिशाला कडेवर घेऊन वावरात उतरली. "गाडी भरती का न्हाई ते सांजच्याला बघ," ती त्याला म्हणाली. गाडी भरली. सविता दोन बायांचं काम करत होती आणि तिने एकदाही बांधाकडे बघितलं नाही, असं लंकाबाई मागून सांगत होती.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने सासूला सांगितलं, "पूजाचं लेकरू चुकूचुकू पिताना ऐकू येत हुतं, आत्या. मला वाटलं, मला बी पान्हा फुटला. पदर चाचपला."

"मंग?"

"कोरडाच हुता."

झुंबरबाई तिच्या पाठीमागे जाऊन बसली आणि सुनेच्या खांद्यावर कपाळ टेकून रडली. गाठोड्यात मला ते ऐकू येत होतं.

मित्रांनो, जिला दूध येत नाही, जिचं लेकरू पोरकं आहे, त्या घरी मला किंवा डब्याला जरूर न्या, स्वच्छ करून न्या आणि कुणाही आईला त्यावरून बोल लावू नका. पण जिचा पदर ओला होतो आहे, तिच्या घरी मला फळीवरून काढण्याआधी एवढं करा. तिच्या हातात जे काही असेल, केरसुणी, भांडी, कोयता, ते थोडा वेळ तुम्ही धरा आणि तिला बसू द्या. सविताचा कोयता धरायला त्या दिवसांत कुणी नव्हतं.