एका घासाने उणी

मी एक रोटी बोलतेय. गव्हाच्या रंगाची, खिळ्याला टांगलेली आणि एका घासाने उणी.

उर्गुत गावच्या ओढ्यावरच्या पाणचक्कीत माझं पीठ झालं, तेव्हा मला भाजणाऱ्या मोहिराने कोंडा चाळून काढू दिला नाही. जात्याची ती संथ घरघर अजून स्वप्नात येते. मग मी पुन्हा कणीस होते आणि वाऱ्यावर डोलते.

आमच्याकडे घर सोडणारा माणूस रोटीचा एक घास घेतो. उरलेली रोटी भिंतीवर त्याची वाट बघते आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची. पानगळीत मोहिरा ताश्कंदला निघाली, माझ्यासारख्या रोट्यांना गिऱ्हाईक शोधायला. ते मिळालं तरच पाणचक्की फिरत राहणार होती. नाहीतर चक्कीवाला कुलूप लावणार होता.

शेजारच्या खोसियतमावशीने नाक मुरडलं. "सनोबर, लेकीला कोंड्यावर धाडतेस? मैदा माणसाला, कोंडा गाईला! शिवाय ही लवकर खवटेल. अपशकुन नको गं बाई."

"मावशी, तुमची गाय तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, ती काय उगाच?" मोहिरा म्हणाली आणि तिने माझा लचका तोडला.

मावशीचं खवटण्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्यात गव्हाचा अंकुर आहे, अंकुरात तेल आहे आणि तेल खवटतं. मैद्यातून तो जीवच काढून टाकतात. मग मैदा खुशाल गोदामात पडून राहतो, व्यापाऱ्याला नासाडीची भीती नाही, वर कोंड्याचे पैसे निराळे. म्हणून मैदा स्वस्त. जीव काढला की स्वस्त, जीव ठेवला की महाग! हा कसला हिशेब? मी भिंतीवर धुमसायचे. मग ऊन अंगावरून सरकायचं आणि मी पुन्हा पेंगायचे.

जर्दाळू फुलले तेव्हा मोहिराचा फोन आला. सनोबर माझ्याखालीच बसली होती.

"आई, दुकानदार म्हणतो, मैद्याचीच रोटी कर, जळक्या साखरेने तांबूस रंग आण. भाव खऱ्या रोटीचा देतो म्हणे. काय करू?"

सनोबरने सारा जन्म मैद्याच्याच रोट्या भाजल्या होत्या. नफा कशात आहे हे तिला सांगायला नको. ती उठली. मला खिळ्यावरून काढून तिने नाकाशी धरलं. मी शरमले.

"तुझी रोटी खवटायला लागलीय," ती म्हणाली.

मोहिराने विचारलं, "मग... टाकणार?"

"टाकते कशाला, वेडे? ये आणि खा! रंग फासलेली रोटी टांगून गेली असतीस ना, तर म्हटलं असतं, राहा तिथेच. चक्कीवाल्याचं पुढचं पोतं मी घेतेय. इथल्याच बाजारात बसू दोघी. खोसियतच्या गाईला कोंडा कमी पडेल, पडू दे!"

तिने मला दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर ठेवलं, सुलटी, जपून.

आता मी दगडासारखी कडक झालेय, थोडी कडूही. मोहिरा मला चहात बुडवेल आणि तोंड वाकडं करील. करू दे. जी रोटी तुमच्यासाठी कितीही दिवस थांबते, तिला एकदा विचारा, तुझ्यातून काय काढून घेतलं? माझा जीव माझ्यातच आहे, मला फार थांबायला सवड नाही.

फाटक वाजलं.