जावई रुसला त्या दुपारी

बाळांना ऊब देणाऱ्या पेटीला वॉर्डातल्या साऱ्याजणी 'जावई' म्हणत. मान मोठा, काम थोडं आणि रुसणं कायमचं. आज भर दुपारी नेमकं अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं आणि जावई रुसला. सिस्टरनी प्लग काढून बघितला, परत लावून बघितला, पेटीला दोन चापट्याही मारल्या. दुरुस्तीवाल्याला निरोप धाडून धाडून त्या थकल्या होत्या. आता तर त्यांना रागसुद्धा येईना. रागालाही अंगात थोडी ताकद लागते.

बाळ ओंजळीत मावेल एवढं. सिस्टरनी त्याच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावली. पाय गार होते. आई आत ऑपरेशनच्या खोलीत, तिचं रक्त थांबत नव्हतं आणि डॉक्टर तिच्यापाशी अडकलेले. बाप गवंडी, तो अंगावरच्या सिमेंटनं माखलेल्या कपड्यांनिशी रक्ताच्या बाटलीसाठी वणवण करत होता. उरली बापाची आई. ती दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, हात धुवा आणि इकडे या. वरची बटणं काढा."

"काय?"

"बटणं. बाळाला छातीशी धरायचंय. मधे कापड नको, अंगाला अंग लागलं पाहिजे."

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं. "या वयात? आणि माझ्यात आता काय उरलंय, नुसती हाडं."

"हाडं चालतील. मी पडदा लावते."

"यंत्र आहे की तुमच्याकडे."

"ते बंद पडलंय."

"मग दुसरं आणा. अशा नाजूक पोराला हाताळू नये, सिस्टर. हाताळूनच जातात अशी पोरं."

हे ऐकून ऐकून सिस्टरचे कान किटले होते. त्यावरचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. चित्रं दाखवून, गोड आवाजात, न चिडता कसं समजावायचं तेही शिकवलेलं होतं. पण आज ते सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसकण मारून बसलं.

"मीच धरलं असतं," त्या म्हणाल्या. "पण पलीकडे दोघी कळा देतायत आणि मी एकटी आहे. तुम्ही धरलंत तर हे तग धरेल. नाही धरलंत तर गार पडत जाईल. माझ्याजवळ तिसरं काही नाही, आजी."

पिशवी बाकाखाली सारून म्हातारी नळाकडे गेली.

सिस्टरनी बाळाला टोपी घातली, त्याला म्हातारीच्या छातीवर पोटावर निजवलं, मान एका बाजूला वळवली, वरून कापड बांधून घोंगडी पांघरली. "नाक मोकळं राहू द्या. बाकी काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

पलीकडे एक मुलगी जन्मली. धडधाकट, घसा फाडून रडणारी. दुसरीला अजून वेळ होता. आत डॉक्टरांनी मान हलवून खूण केली, रक्त मिळालं होतं आणि बाई सावरत होती. सिस्टर परत पडद्याआड आल्या. घोंगडीखाली हात घालून त्यांनी बाळाचा पाय चाचपला. कोमट होता. श्वास एका लयीत चालला होता.

"छान. असंच बसा," म्हणून त्या वळल्या.

"सिस्टर."

"बोला."

"माझी दोन अशीच आली होती. ह्याच्या बापाच्या आधी. कापसात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही." म्हातारी बाळाच्या टोपीकडे बघत होती. "एवढंच करायचं होतं?"

सिस्टर थांबल्या. नाही म्हणणं सोपं होतं. तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आजी, नशिबापुढे कोणाचं चालतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण असं छातीशी धरून काही होत नाही म्हटलं, तर ही बाई आत्ता इथे कशासाठी बसेल? मुलगा आला की त्याच्या हाती देऊन मोकळी होईल, आणि तो बाळ कापडात गुंडाळून बाजूला ठेवेल. आणि हो म्हटलं, तर उरलेलं आयुष्य ही बाई काय घेऊन जगेल? सिस्टरना त्या क्षणी आपल्या नोकरीचा मनापासून वीट आला.

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक जगली असती."

म्हातारीनं हळूच मान डोलावली. मग ती रडू लागली, आवाज न करता, बाळाला हिसका बसू नये म्हणून खांदे आवरत. पाणी गालांवरून हनुवटीवर आलं, नाक वाहू लागलं, तरी तिनं घोंगडीवरचे दोन्ही हात काढले नाहीत.

पलीकडून कोणीतरी सिस्टरना हाक मारली. "आले," त्या म्हणाल्या, आणि आधी त्यांनी आपल्या रुमालानं म्हातारीचे डोळे पुसले, मग नाक.