पाच नंबरचा आवाज

राळेगावजवळच्या एका गावात भर दुपारी मंडप माणसांनी फुलला होता. नादबाबांनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माईकच्या वायरी उपटून फेकल्या. "देखो! ना माईक, ना मानूस! आता मारोतीचा आत्मा गाईन." बाबांनी मिक्सरवरची एक पट्टी वर सरकवली आणि दोन महिन्यांपूर्वी वारलेला मारोती स्पीकरमधून गाऊ लागला. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता गळा. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

मारोतीची आई मैनाबाई पुढेच हात जोडून बसली होती. सून कौसल्या मंडपाच्या टोकाला, कारण बाबांचं निदान कालच झालं होतं: करणी हिनंच केली, हिला माहेरी धाडल्याशिवाय आत्मा सुटत नाही. कपाशीवर फवारणी करता करता मारोती घेरी येऊन पडला, हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं. पण औषधाच्या डब्याला जाब कोण विचारणार? सून हाताशी होती.

मागे धम्मदीप साउंडवाला उभा होता. सामान त्याचंच. 'प्रवचन भरायचं हाय' म्हणून बाबांच्या चेल्यानं आठवड्यासाठी नेलेलं, आणि वायरी यानंच जोडून दिलेल्या. आठ वायरी मिक्सरमधून रेकॉर्डरकडे, म्हणजे प्रत्येक माईकचा आवाज आपापल्या खणात भरतो. आठ वायरी रेकॉर्डरकडून परत मिक्सरकडे, म्हणजे हवा तो खण एकटा ऐकता येतो. दोन वर्षांपूर्वी मारोतीचं भजनी मंडळ याच यंत्रात भरलं होतं, ते पुसायचा त्यानं आळस केला. रेकॉर्डर आता बाबांच्या गादीखाली होता. तिकडे शिरणाऱ्या वायरी दाखवून बाबा सांगत होते, "ह्या पाताळात जातात." पाताळ दीड फुटावर संपत होतं.

बोलावं तर मैनाबाईचं लेकरू दुसऱ्यांदा जाणार, गप्प बसावं तर कौसल्या जाणार. मग कौसल्येनं कपड्यांची पिशवी उचलली, तेव्हा त्याचे पाय मिक्सरकडे वळले.

पाचव्या पट्टीखाली त्याच्याच अक्षरातली चिकटपट्टी होती: '५ मारोती'.

"आत्म्याचं नाव मी आंधीच लिहून ठेवलं हाय," तो म्हणाला. "आता एक नंबर ऐका."

पट्टी वर गेली आणि ढोलकी वाजली. ढोलकीवाला घनश्याम समोरच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता, तो दचकला. "अबे, हे तर मी वाजवून राह्यलो. मी कवा मेलो?"

धम्मदीपनं गादी उचलली, खालच्या रेकॉर्डरवर गाणं सुरुवातीला नेलं. मारोती खाकरला, "धम्मा, सुरू करू का बे?" पुन्हा मागे नेलं. पुन्हा तेच खाकरणं, तेच शब्द. मंडपात कोणीतरी हसलं. बाबा जीपकडे निघाले.

"आत्मा असता तं एकदा तरी येगळं बोलला असता," धम्मदीप म्हणाला. "वायर कुठून येते, ते पाहात जा. अन् मारोती कायनं गेला, ते कौसल्येले नाही, त्या फवारणीच्या औषधाले विचारा."

कौसल्येनं पिशवी खाली ठेवली. खरं सांगितल्याचं समाधान त्याला दोन मिनिटंही लाभलं नाही. मैनाबाई मिक्सरपाशी आली.

"समजलं मले. यंत्र हाय," ती म्हणाली. "पण धम्मा, ते ढोलकी बंद कर. पाच नंबर राहू दे. ये व कौसल्या, तू बी बस."

त्यानं ढोलकीची पट्टी खाली ओढली, गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं.

मारोती खाकरला. "धम्मा, सुरू करू का बे?"

"कर, बाबू," मैनाबाई म्हणाली.