चित्रातल्या पोरीचं नाव

जपान कुठं आहे हे सरूबाईला ठाऊक नव्हतं, पण तिथल्या एका शाळेतलं सगळं तिला ठाऊक होतं. लेक अंजली दहावीला. लॉकडाऊनात घेतलेल्या मोबाइलवर ती जपानी चित्रकथा वाचायची. मांगा म्हणतात त्याला, कुणीतरी हिंदीत करून टाकलेली. स्वयंपाक उरकला की माय-लेकी डोक्याला डोकं लावून बसायच्या.

आता काय असायचं हो त्यात? काही म्हणजे काही नाही. पोरानं पोरीचं खोडरबर मागून घेतलं, ते परत करायला पाच भाग गेले. पोरगी लाजली, पळाली, दारावर आपटली. सरूबाई पदर तोंडाला लावून हसायची. एवढी पोरगी लाजतेय, पण तिला कुणी मारत नाही, जात विचारत नाही, कुणाला कसली घाई म्हणून नाही. हेच तर सरूबाईला गोड लागायचं. तिचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी दुपारी ठरलं अन् संध्याकाळी लागलं. लाजायला सवड मिळाली कुठं? अंजलीचं तसं होऊ द्यायचं नाही, मार्चात तिनं दहावीच्या पेपरला बसायचंच, एवढं सरूबाईनं मनाशी पक्कं केलं होतं.

पण बाईच्या जिभेला हाड नाही. सोयाबीन काढताना ती बायकांना रोज पुढचा भाग सांगू लागली. सुट्टी लागल्यावर अंजलीही सोबत असायची, मान खाली घालून. जपानी नावं काही सरूबाईच्या तोंडात बसेनात. मग तिनं सरळ त्या पोरीला अंजली करून टाकलं अन् पोराला सतीश. अंजलीनं आज सतीशला डबा दिला म्हटलं की बायका विळे टाकून हसायच्या. गोष्ट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सुभद्राबाईला. ती एके दिवशी पहिल्यांदाच कामाला आली. तिनं अर्धंमुर्धं ऐकलं अन् दिवेलागणीपर्यंत वस्तीभर केलं.

गावात त्या वयाचा सतीश एकच, बौद्धवस्तीतला, बारावीचा. तो अंजलीशी कधी एक शब्दही बोललेला नव्हता. तरी त्याच्या आईबापानं भिऊन त्याला दुसऱ्याच दिवशी परभणीला मामाकडं धाडलं. अन् तो गेला म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटली.

नवरा, आश्रुबा, घरी आला तो गावात सगळं ऐकूनच. सरूबाईनं पाया पडून सगळं सांगितलं, मोबाइल पुढं धरला, एकेक चित्र दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. त्याला पटलंय, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खरं असू दे न्हाईतर खोटं," तो म्हणाला. "गाव काय आता चित्र बघाय येनार हाय का?"

धारूरकडच्या सटवाचं स्थळ पोळ्यापासून चकरा मारत होतं. आश्रुबानं आता त्याला होकार कळवला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला कोण विचारतो? सटवाला हंगामाआधी बायको पाहिजे होती, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. पोरीचं वय कुणी काढलं नाही. सरूबाईनं एकदा शाळेतल्या बाईंना फोन लावला अन् पलीकडं वाजायच्या आत आपणच तोडला. लग्न मोडलेली पोर घेऊन या वस्तीवर राहायचं कसं, ही भीती होती. देवळात मोजक्या माणसांत लग्न उरकलं.

कारखान्याला निघायच्या सकाळी ट्रॅक्टरपाशी तिनं लेकीला गाठलं. मला शिव्या दे, म्हणाली, काय वाट्टेल ते बोल, पण अशी गप राहू नको. अंजली बोचकं सावरत उभी राहिली.

"रानात मी तुझ्या मागच्याच ओळीत असायची, आई. तू त्या पोरीला माझं नाव द्यायचीस ते ऐकू यायचं. लई गोड वाटायचं. म्हणून तुला कधी नको म्हणलं न्हाई."

मुकादमानं सटवाला हाक मारली, आणि त्याच्यामागं अंजलीही ट्रॉलीत चढली.