विरळ म्हणून उतरवलेला

मित्रांनो, जुना प्रोजेक्टर बोलतोय म्हटल्यावर तुम्ही चेहरा कनवाळू कराल, ‘अरेरे, बिचारा’ म्हणाल. नका म्हणू. मला कीव नको आहे. मी रागावलेलो आहे, चांगलाच रागावलेलो आहे, आणि तो राग एकदाचा बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात दिवा, पुढे काच, मागे गरगरणारा पंखा. आमच्या घराण्याचा गुण असा की आम्ही जवळून मोठं चित्र पाडतो. बाकीच्या प्रोजेक्टरांना पडद्यापासून खोलीभर मागे सरकावं लागतं. मला चार-पाच पावलं पुरतात. चित्र फुल एचडी. त्या काळी हा शब्द ऐकून लोक माना डोलवत असत, बरं का!

तिथून आलो तो थेट नागपूरच्या धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत मला छताला टांगलं आणि मी हाडं दाखवू लागलो. यवतमाळहून, गोंदियाहून, कुठून कुठून आलेल्या माणसांची मोडलेली हाडं. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, ‘ही पाहा, इथे चीर आहे.’ केसाएवढी चीर! ती माझ्या चित्रात दिसायची, आणि तिच्यावरून उपचार ठरायचे. आणि अशा मला पुढे काय म्हणाले? विरळ! थांबा, सांगतो सगळं.

दवाखान्यात भिंतीएवढे टीव्ही आले, तशी माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून मला पंकजने उचललं. पंकजचं जरीपटका भागात पडद्यांच्या कापडाचं दुकान. राहतो तांडापेठेत, कोष्ट्यांच्या घरात. त्याचे वडील ईश्वरदास, घरातले आबा, यांनी उभं आयुष्य रेशीमकाठी लुगडी विणली. आता घरात माग नाही. मागाखालचे खड्डे बुजवून फरशी घातली, आणि मागाची ती लांबलचक खोली रिकामी पडून होती. त्या खोलीत पंकजला गोल्फ आणायचं होतं.

हसलात ना? मीही हसलो होतो. पण त्यामागे त्याची लेक होती, रुचिका. एकदा बाप गोल्फच्या क्लबात पडदे बसवायला गेला, तेव्हा ही सोबत गेली आणि कोणाची तरी स्टिक घेऊन तिने चेंडू असा हाणला की तिथले सर धावत आले. तेव्हापासून ती खेळते. पण आपल्या नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू? एप्रिल-मे महिन्यांत त्या मैदानावर उभं राहिलं तर पापड भाजून निघावा. म्हणून घरातच सराव. पंकजने जाड दुहेरी पांढऱ्या कापडाचा पडदा स्वतः शिवला, चेंडू अंगावर घेणारा, आणि दोन्ही बाजूंना जाळी बांधली. उभं राहून मारायच्या चटईजवळ फटका मोजणारं यंत्र ठेवलं, ते कम्प्युटरला जोडलं. कम्प्युटर चेंडूचा पुढचा प्रवास काढायचा, आणि तो पडद्यावर दाखवायचा मी! मला तिच्या डोक्याच्या वर, जरा पुढे टांगलं होतं. ती मागे, मी पुढे. माझ्या उजेडात कोणी येत नव्हतं.

काय दिवस होते! कूलर घुरघुरायचा, रुचिका फटक्यामागून फटका मारायची, आणि मी हिरवं मैदान अंथरून लांबवर झेंडा उभा करायचो. चेंडू डावीकडे गेला की ती चुकचुकायची, सरळ गेला की मूठ आवळायची. खेळ सुधारत होता, सर खूश होते. पुण्याला राज्याच्या मुलींच्या संघाची निवड होणार होती. पंकजने मात्र लेकीला बजावून ठेवलं होतं, “निवड झाली तर खेळ. नाही झाली तर बारावीचा क्लास लावाचा, अन् ह्या खोलीत माह्या पडद्यांचे गठ्ठे येतीन.” म्हणजे तिचा सगळा खेळ त्या एका निवडीवर टांगलेला होता, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांनी जे केलं, त्याचाच तर मला राग आहे!

एका रविवारी कोराडीहून कुशल आला. हा पंकजचा धाकटा भाऊ. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून जगातलं सगळं कळलेला माणूस. माझ्याकडे पाहून त्याने नाक मुरडलं.

“काय दादा, आजकाल फुल एचडी कोण वापरते? लोकं फोर के लावून राहिले. चौपट बारीक चित्र!”

‘बारीक’ हा शब्द ईश्वरदासांच्या कानावर पडला आणि माझे ग्रह फिरले. मित्रांनो, ह्या घराचा एक रिवाज आहे. लग्नाचा शालू असो की उशीची खोळ, आबांनी अंगठ्याखाली धरून पाहिल्याशिवाय कापड घरात येत नाही. धागे मोजायचं भिंग म्हाताऱ्याच्या खिशात कायम. ते भिंग काढून स्वारी उठली, थेट पडद्यापाशी गेली आणि माझ्या चित्राला नाक लावून उभी राहिली!

“हे चित्र हाय का मच्छरदानी? चौकोन चौकोन दिसून राहिले. विरळ हाय गा, एकदम विरळ! असं कापड तर मी बोहारणीले पण नसतं देल्लं.”

अहो ईश्वरदासजी! तुम्ही काय लुगडं घ्यायला निघाला होता? पोरगी पडद्यापासून दहा फुटांवर उभी राहते, भिंग घेऊन नाही, स्टिक घेऊन! दहा फुटांवरून माझा एक चौकोन दिसत नाही. शिवाय तुमच्या पडद्याचा पोतच इतका जाड, की त्यावर चौपट बारीक चित्र टाकलं तरी निम्मा बारीकपणा कापडातच मुरायचा. पण माझं ऐकतो कोण?

मग सुरू झाला खल. जेवताना फोर के, चहाला फोर के. कुशल आकडे फेकायचा, पंकज माना डोलवायचा, आबा ‘जितके धागे जास्त तितका माल भारी’ म्हणून निकाल द्यायचे. रुचिकाची आई धनश्री पोळ्या लाटता लाटता एकदा म्हणाली, “पोरीले तर विचारा कोणी. उभं तिले राहा लागते तिथं.”

“तिले काय समजते त्यातलं?” कुशल म्हणाला. रुचिका तिथेच ताट घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली आणि जेवत राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि आला एकदाचा तो फोर के! मित्रांनो, माझा फोर केवर राग नाही, गैरसमज करून घेऊ नका. जवळून चित्र पाडणारा आणला असता, उजेड पुरेसा पाहिला असता, कम्प्युटर तेवढा तगडा घेतला असता, तर मी स्वतः जागा खाली करून दिली असती. पण ह्यांनी एकच गोष्ट पाहिली, चित्र किती बारीक! तो गडी लांबून चित्र पाडणारा निघाला. त्याला टांगावं लागलं खोलीच्या मागच्या टोकाला, रुचिकाच्या पाठीमागे. कम्प्युटरला त्याचा भार पेलवेना. फटका मारला की चित्र अडखळायचं, चेंडू पडद्यावर उशिरा उडायचा. आणि मला? पंखा थांबायची वाट न पाहता प्लग ओढला, काचेला झाकणही न लावता छताखालच्या सज्ज्यावर फेकलं, जुन्या सतरंजीशेजारी. तोंड मात्र खोलीकडे राहिलं. त्यामुळे पुढचं सगळं मला पाहावं लागलं.

चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? गवताचं पातं न् पातं दिसत होतं. ते पाहायला अख्खी गल्ली लोटली. आबा पडद्याजवळ उभे राहून लोकांना गवत दाखवायचे, जणू स्वतःच पेरलंय! आणि ज्या पोरीसाठी हे सगळं, ती कोपऱ्यात स्टिक धरून लोक जायची वाट पाहायची.

लोक गेले की ती उभी राहायची. उभी राहिली की पाठीमागून येणाऱ्या उजेडात तिचं स्वतःचं डोकं आणि खांदा पडद्यावर काळेठिक्कर पडायचे, नेमके झेंड्यावर! जिथे मारायचं तेच दिसेना.

“बाबा, माही सावली पडून राहिली. झेंडाच दिसत नाही मले.”

पंकज गवताकडे पाहत होता. कुशल हसला. “एवढं झकास चित्र, अन् तुले सावलीच दिसते? थोडी सरकून उभी राय नं!”

सरकून उभी राहा! हे वाक्य आठवलं की आजही माझा दिवा तापतो. ती सरकली हो. गुणाची पोर, सरकली. सावलीच्या पलीकडे उजवीकडे जे दिसेल तिकडे पाहून मारू लागली. रोज तसंच. रोज खांदे थोडे उजवीकडे. मी सज्ज्यावरून ओरडत होतो, पण प्लग नसलेल्याचा आवाज कोणाला ऐकू येतो? निवड जवळ येत होती, आणि घरचेच लोक तिचा हात बिघडवत होते, तेही लाड म्हणून!

मग एके दिवशी सकाळी ती मैदानावरून परत आली ती तरातरा. खोलीत उमरेडचे पाहुणे बसले होते, आबा भिंगातून गवत दाखवत होते. तिने सरळ जाऊन प्लग उपटला. खोलीत अंधार.

“काय करून राहिली वं?” पंकज ओरडला.

“सर म्हणते, तुझे खांदे उजवीकडे जाऊन राहिले, हे कोणं शिकवलं तुले? काय सांगू त्याईले? तुमचं नाव सांगू?” तिचा आवाज चिरकला. “निवड माही, उभी मी राहते, अन् मले एकानं विचारलं? एकानं?”

शाब्बास! शाब्बास माझ्या वाघिणी! मित्रांनो, इतके महिने जो राग मी गिळत होतो, तो ती बोलली.

आबांचा चेहरा पडला. पाहुण्यांसमोर पाणउतारा! “पोरी, मी जिंदगीभर कापड पायलं हाय,” ते म्हणाले. तिने वाद घातला नाही. प्लग परत लावला, आबांचा दंड धरून त्यांना चटईवर उभं केलं, स्टिक हातात दिली.

“झेंडा दाखवा, आबा.”

म्हाताऱ्याने पडद्याकडे पाहिलं. समोर झेंडा नव्हता, त्यांचंच टक्कल होतं, हे एवढं मोठं. ते डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. टक्कलही वाकलं. पाहुण्यांतली एक बाई फिसकन हसली. आबा हसले नाहीत. स्टिक खाली ठेवून म्हणाले, “पंकज, शिडी आण.”

त्याच दुपारी मी पुन्हा माझ्या जागी टांगला गेलो. कोणी माफी मागितली नाही, मी वाटही पाहिली नाही. माझ्या पोटात धूळ गेली होती, चित्रावर एका कोपऱ्यात करडा डाग पडत होता. पण झेंडा मोकळा होता. रुचिकाने मारायला सुरुवात केली. अंगात मुरलेली खोड का अशी चार दिवसांत जाते? डोकं सरळ म्हणायचं, खांदे उजवीकडे जायचे. ती पुन्हा मारायची, आणि पुन्हा. तिचे हात सोलले, तरी थांबली नाही. निवडीचा दिवस आला तेव्हा खोड अर्धी गेली होती. अर्धीच.

पुण्याला ती एका जागेने हुकली.

दुसऱ्या दिवशी पंकज पडद्याच्या कापडाचा पहिला गठ्ठा खांद्यावर घेऊन खोलीत आला. माणूस वाईट नाही, शब्दाचा पक्का आहे, एवढंच. रुचिका जाळीची दोरी सोडत होती. रडत नव्हती. मला वाटलं, आता माझा प्लग ओढणार.

आबा चटईवर मांडी घालून बसले. “गठ्ठा ठेवाचा नाही, गा.”

“ठरलं होतं, बाबा.”

“कोणं ठरवलं? तू अन् मी. ते चित्रही आपणच ठरवलं. पोरगी हुकली नाही, मी हुकवलं तिले.” म्हाताऱ्याने नातीकडे बोट दाखवलं. “आता तिले विचार.”

पंकज तसाच उभा. कापडाचा गठ्ठा जड असतो, तरी खाली ठेवेना. शेवटी लेकीकडे न पाहता म्हणाला, “बोल. काय पायजे तुले?”

मित्रांनो, त्या घरात तिला हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

तिने दोरी हातातून सोडली. “एक वर्ष,” ती म्हणाली. “अन् मधात कोणी येऊ नका.”

पंकजने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग गठ्ठा खांद्यावर होता तसाच वळला आणि दाराबाहेर निघून गेला.

आता मी तुम्हाला काय सांगू? आमची निगा राखा. काच मऊ फडक्याने पुसा, पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नका. नवं घ्यायचं तर खुशाल घ्या, फुल एचडी घ्या, फोर के घ्या. पण ज्याला त्याच्यासमोर उभं राहायचं आहे त्याला आधी विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐका. एवढं केलंत तरी माझा राग थोडा उतरेल. सगळा नाही उतरणार, पोरीचं एक वर्ष गेलंय.

बरं, झालं माझं बोलून. आता बाजूला व्हा, ती मारायला उभी राहिली आहे.