कानाला लावलेला फोन

एका माजी मंत्र्यांना उशाशी भाकरीचा तुकडा असल्याशिवाय झोप लागत नसे.

पळसदेवचं धरणाच्या पाण्यात बुडालेलं देऊळ पाणी आटून यंदा लवकर उघडं पडलं.

एक आमदार नवी चप्पल आधी दुसऱ्याच्या पायात घालून बघत.

ज्याला कुणाचाच फोन येत नाही, त्याचा फोन दिवसभर चार्ज राहतो.

निमगाव केतकीच्या लग्नात, मांडवाबाहेर लिंबाच्या सावलीत, ड्रायव्हर मंडळी आपापल्या साहेबांच्या सवयी सांगत बसली होती. दत्तोबानं कुंडलिकला डिवचलं, "तुमच्या आबांचं काय हाय का न्हाय?"

"न्हाय बा. साधा माणूस."

सर्जेराव आबांची सवय कुंडलिकला ठाऊक होती. निवडणूक हरल्यापासून आबा वाटेत गाव आलं की गाडीत फोन कानाला लावत. पलीकडे कुणी नसे. "हां, बघतो, सांगतो त्यांना," असं बोलत ते वेस ओलांडत आणि मोकळ्या माळावर फोन खाली ठेवत. कुंडलिक समोरच्या आरशात बघायचं टाळी. मागच्या महिन्यात बारामतीत एका कार्यक्रमात, असं बोलणं रंगात आलं असताना फोन कानावरच वाजला होता. लोक तोंड फिरवून हसले. त्यानंतर आबा घराबाहेर पडले ते थेट आज.

मांडवात एकदम गलका झाला. नवे आमदार ऋषिराज आले होते. आबांच्या भोवतीची माणसं उठून तिकडे गेली. मोठ्या सोफ्यावर आबा एकटे उरले. शेजारी तेवढी नवरीची आत्या. आबांचा हात खिशाकडे गेला. आत्या बघत होती.

बाहेरून हे बघणाऱ्या कुंडलिकनं घाईनं आबांचा नंबर लावला.

आबांचा फोन खणखणला. चारदोन माना वळल्या. आबांनी पडद्यावरचं नाव वाचलं, मांडवाच्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश फोन कानाला लावला.

"हां साहेब. बोला."

काय बोलायचं याचा कुंडलिकनं विचारच केला नव्हता. "आबा, गाडी सावलीत लावलीया."

"लई चांगलं केलं साहेब." आबा सोफ्यावर ऐसपैस टेकले. गेलेल्यांपैकी दोघंतिघं परतून अदबीनं उभे राहिले. आबांनी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. बोलणं मात्र संपत आलं होतं. आबांनी जरा घसा खाकरला.

"जेवलात का तुमी?"

"न्हाय," कुंडलिक म्हणाला. "अजून न्हाय."

"असं कसं साहेब? येळेवर जेवत चला. कामं काय, व्हत राहतील." मग इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं आबांनी विचारलं. घरी कोण असतं, गुडघा कसा आहे. कुंडलिक झाडाकडे तोंड करून उत्तरं देत राहिला. बायको गेल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं आबा स्वतः ताट घेऊन गाडीपाशी आले. भात, आमटी, वांग्याची भाजी, बुंदी. ताट धरायची सवय नसल्यामुळे आमटी अंगठ्यावर सांडली होती.

"जेव," ते म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

कुंडलिकनं बॉनेटवर ताट ठेवून एकेक घास सावकाश खाल्ला. बुंदीचा कणसुद्धा ठेवला नाही.

जाताना वेशीपाशी कुंडलिकनं आरशात पाहिलं. आबांनी फोन कानाला लावला होता. ते काही बोलत नव्हते.

लग्नात पहिली पंगत ड्रायव्हरांची बसली होती आणि कुंडलिक त्या पंगतीत पोटभर जेवला होता.